बाटलीचे वय आणि यकृताचे वय

जुने ते सोने, असे आपण सहज म्हणून जातो. तांदूळ जुना चांगला, गूळ जुना चांगला, लोणचे मुरलेले चांगले आणि माणूसही मुरलेला चांगला. याच न्यायाने मुरलेली दारूही चांगली, निदान ताज्या दारूपेक्षा कमी वाईट, असा समज आता सुशिक्षित घरांतही मूळ धरू लागला आहे. पूर्वी हा मान स्कॉचचा होता. आता परदेशातून येणारा भाचा किंवा जावई पिशवीतून बाटली काढताना ‘ही जपानची, बारा वर्षे मुरलेली’ असे सांगतो. मग ज्या घरात दारूचे नाव काढायची चोरी होती, तेथेच चार जण पेल्यात नाक घालून गुण देऊ लागतात. कोणाला मधाचा वास येतो, कोणाला चंदनाचा, तर कोणाला सुक्या जर्दाळूचा.

या कौतुकाची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. चव ओळखणे ही खरी विद्या आहे आणि जपानी लोकांनी ती फार कष्टाने कमावली आहे. परंतु आरोग्याच्या सदरात एक प्रश्न विचारलाच पाहिजे. नाकाने आणि जिभेने शंभरपैकी सत्त्याण्णव गुण दिले, तर यकृताने किती दिले? हा रकाना कोणत्याच गुणपत्रिकेत नसतो. तो असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा नावलौकिक आला कोठून?

सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, केवळ मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या भांड्यांतून गाळून काढलेली आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवलेली व्हिस्की. ही मूळची स्कॉटलंडची विद्या. हिरोशिमाजवळच्या एका साके बनविणाऱ्या घराण्यातील मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ साली ती शिकायला स्कॉटलंडला गेला. तेथील कारखान्यांत त्याने उमेदवारी केली, टिपणवह्या भरल्या आणि १९२० साली स्कॉटिश पत्नीसह तो मायदेशी परतला. शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने १९२३ साली क्योतोजवळ यामाझाकी येथे जपानचा पहिला माल्ट व्हिस्कीचा कारखाना उभारायला घेतला, तो ताकेत्सुरूला हाताशी धरूनच. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले आणि १९३४ साली ताकेत्सुरूने उत्तरेकडील होक्काइदो बेटावर योइची येथे स्वतःचा कारखाना काढला.

जगाने याची दखल घ्यायला बराच वेळ लावला. २००१ साली एका नामवंत इंग्रजी व्हिस्की मासिकाच्या तुलनात्मक चाचणीत योइचीची दहा वर्षे मुरलेली व्हिस्की पहिली आली, तेव्हा स्कॉटलंडमध्ये भुवया उंचावल्या. २००८ साली योइचीच्याच १९८७ सालच्या व्हिस्कीला जगातील सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळाला. पुढे जिम मरे या समीक्षकाने आपल्या २०१५ च्या वार्षिक ग्रंथात यामाझाकीच्या शेरी पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला शंभरपैकी ९७.५ गुण देऊन तिला त्या वर्षीची जगातील श्रेष्ठ व्हिस्की ठरवले. त्याच सुमारास ताकेत्सुरू दांपत्याच्या जीवनावरील ‘मास्सान’ ही दूरदर्शन मालिका जपानभर गाजत होती. मागणी एवढी वाढली की दुकानांतली फडताळे रिकामी झाली.

दुर्मिळता म्हणजे गुणवत्ता नव्हे

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जुनी जपानी व्हिस्की दुर्मिळ आहे, पण ती दुर्मिळ का आहे? जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमारास शिगेला पोचला आणि नंतर सुमारे पंचवीस वर्षे घसरत गेला. घसरत्या खपाच्या काळात कोणता कारखानदार पिंपे भरून ठेवील? उत्पादन कमी झाले, काही कारखाने बंद पडले. असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी असलेल्या कारुइझावा येथील भट्टी २००० साली थंडावली. साइतामा प्रांतातील हान्यू येथील कामही त्याच वर्षी थांबले आणि २००४ साली तो कारखाना मोडीत निघाला. मालकांच्या घराण्यातील इचिरो आकुतो यांनी उरलेली सुमारे चारशे पिंपे वाचवली आणि त्यांतील व्हिस्की पत्त्यांच्या कॅटमधील एकेका पानाचे नाव देऊन बाजारात आणली. थोडक्यात, आज जिची टंचाई आहे, ती तेव्हा कोणाला नको होती. वीस वर्षांपूर्वी जे पिंपात घातलेच नाही, ते आज मागून मिळत नाही, एवढाच त्या दुर्मिळतेचा अर्थ.

बाजार मात्र टंचाईला गुण समजतो. आकुतो यांच्या पत्त्यांच्या चोपन्न बाटल्यांचा संपूर्ण संच २०१९ साली हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ७२ लाख हाँगकाँग डॉलरला गेला, म्हणजे त्या वेळचे साडेसहा कोटी रुपये. यामाझाकीची ५५ वर्षे मुरलेली व्हिस्की २०२० साली जपानमध्ये सोडत काढून विकली गेली. बाटल्या होत्या फक्त शंभर आणि किंमत प्रत्येकी ३० लाख येन. त्याच वर्षी हाँगकाँगच्या लिलावात तिच्या एका बाटलीला सुमारे ६२ लाख हाँगकाँग डॉलर, म्हणजे जवळपास सहा कोटी रुपये मिळाले.

सहा कोटींची बाटली कोणाचेच यकृत बिघडवीत नाही, कारण ती सहसा उघडतच नाही. अपाय होतो तो तिच्या कीर्तीकडे पाहून घरी आणलेल्या आणि दर शनिवारी उघडल्या जाणाऱ्या बाटलीने.

गुण कसे देतात

चव घेण्याची पद्धत शिस्तीची आहे. पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला घ्यायचा, म्हणजे वास वर गोळा होतो. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, तोही नाक खुपसून नव्हे तर जरा दुरून, कारण अल्कोहोलच्या झणक्याने नाक बधिर होते. मग अगदी छोटा घोट जिभेवर घोळवायचा. शेवटी घशात आणि टाळूवर किती वेळ कोणती चव रेंगाळते, ते पाहायचे. नंतर थोडे पाणी घालून हेच पुन्हा करायचे. मरे यांच्या पद्धतीत वास, चव, शेवट आणि एकूण तोल या चार गोष्टींना प्रत्येकी २५ गुण असतात. जपानी व्हिस्कीत चंदनाचा किंवा देवघरातील उदबत्तीचा वास येतो असे म्हणतात, तो मिझुनारा नावाच्या तेथील ओक झाडाच्या पिंपांतून येतो. युद्धकाळात परदेशी लाकूड मिळेना, म्हणून हे लाकूड वापरात आले. अडचणीतून असा गुण निघाला, ही जपानी कारागिरीची खरी कमाल आहे.

आता या गुणांवर विश्वास किती ठेवायचा? माणसाची जीभ स्वतंत्रपणे निकाल देत नाही. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग केला. त्यांनी काही लोकांना एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजली. जास्त किमतीची म्हणून दिलेली वाइन लोकांना अधिक आवडली, एवढेच नव्हे तर मेंदूच्या चित्रणात सुखद अनुभवाशी संबंधित भागही अधिक चेतलेला दिसला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना ती खरोखरच अधिक चांगली लागत होती. ‘पंचवीस वर्षे’ असा आकडा चिठ्ठीवर वाचून मगच पेला उचलणाऱ्याने आपल्या गुणांतले निम्मे गुण चिठ्ठीला दिले असे समजायला हरकत नाही. जास्त वर्षे म्हणजे जास्त चव, हेही खरे नाही. अति मुरली की लाकडाचा कडवट तुरटपणाच वर येतो, हे जाणकारच सांगतात.

न मांडलेला हिशोब

आता यकृताच्या रकान्याकडे वळू. हिशोब सोपा आहे. किती मिलिलिटर घेतली त्याला बाटलीवरील टक्केवारीने गुणावे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा ०.७९ ने गुणावे, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम ते कळते. ४३ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा एक मोठा पेग म्हणजे सुमारे २० ग्रॅम. पण संग्राहकांच्या आवडीच्या दुर्मिळ बाटल्या पुष्कळदा पाणी न घालता पिंपातून थेट भरलेल्या असतात आणि त्यांची तीव्रता ६० टक्क्यांच्या घरातही जाते. त्यांचा केवळ ३० मिलिलिटरचा छोटा पेगही १४ ग्रॅमचा होतो.

समजा, एका संध्याकाळी मित्रमंडळी सहा नमुने चाखायला बसली. प्रत्येक नमुना २० मिलिलिटरचा आणि सरासरी ५० टक्क्यांचा. दिसायला प्रत्येक पेल्याच्या तळाशी चमचे-दोन चमचे, पण बेरीज ४७ ग्रॅम. निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण सात ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. रात्री आठला बसलेल्या माणसाच्या शरीरातून ते निघून जायला पहाटेचे तीन वाजतात. आणि हा गृहस्थ घरी जाताना बायकोला म्हणतो, ‘प्यालो कुठे, नुसती चव घेतली!’ आपल्याकडे वाहन चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. चव घेतली की प्याली, हे ते यंत्र विचारीत नाही.

चार गैरसमज

पहिला गैरसमज असा की, मुरलेली व्हिस्की सौम्य असते म्हणून कमी बाधते. मुरण्यात गंधकयुक्त उग्र वास कमी होतात आणि लाकडातून व्हॅनिलासारखे सुगंधी पदार्थ उतरतात. मूळ अल्कोहोल मात्र तेच राहते, त्याचे दुसरे काही होत नाही. उलट घशाला टोचत नाही म्हणून दुसरा पेला सहज जातो. सौम्यपणातला धोका तो हाच.

दुसरा असा की, महागडी दारू अपाय करीत नाही. बनावट किंवा भेसळीच्या दारूत मिथेनॉलचे विष असू शकते आणि २०१५ साली मुंबईत मालवणीला त्याने शंभरावर माणसे मारली, हे खरे आहे. त्या अर्थाने खात्रीची बाटली बरी. परंतु यकृताला सूज आणणारे, रक्तदाब वाढवणारे आणि कर्करोगाला निमंत्रण देणारे द्रव्य हे अस्सल बाटलीतील अस्सल अल्कोहोलच असते. शिवाय नामांकित जपानी व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्यांनाही आता बाजारात पैसे मिळतात. त्या कशाला विकत घेतल्या जात असतील, याचा विचार ओळखीच्या ओळखीतून ‘दुर्मिळ’ बाटली घेणाऱ्याने जरूर करावा.

तिसरा गैरसमज औषधाचा. पिंपाच्या लाकडातून एलॅजिक आम्लासारखे काही उपयुक्त पदार्थ व्हिस्कीत उतरतात, असे सांगितले जाते. उतरत असतील. तेच आम्ल डाळिंबातही आहे आणि डाळिंब खाऊन कोणाचे यकृत निकामी झालेले नाही.

चौथा असा की, थुंकून टाकली की काही होत नाही. पोटात जाणारे प्रमाण त्यामुळे पुष्कळ कमी होते, म्हणून थुंकणे गिळण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण फिनलंडमधील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की, तीव्र मद्य काही सेकंद तोंडात घोळवून थुंकले तरी लाळेत ॲसिटाल्डिहाइड तयार होते आणि निदान दहा मिनिटे टिकते. हे द्रव्य कर्करोगकारक आहे. आपल्याकडे याचे महत्त्व अधिक, कारण येथे त्याच तोंडात पुष्कळदा तंबाखू किंवा गुटखाही असतो. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या धोक्याची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या वर्गातील कर्करोगकारक ठरवले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन अशी ती यादी आहे. २०२३ साली संघटनेने स्पष्टच सांगितले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही.

जपानकडून आणखी काय घ्यावे?

व्हिस्की जपानकडून घ्यायची, तर तिच्याबरोबरचे ज्ञानही घ्यावे. अल्कोहोलचे शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग एका विकराच्या मदतीने त्याचे निरुपद्रवी द्रव्य बनते. जवळपास ४० टक्के जपानी लोकांत हा विकर जन्मतःच दुर्बळ असतो. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. हा शरीराने दिलेला इशारा असतो. जे तो दुर्लक्षून ‘सवयीने जमेल’ म्हणत पीत राहतात, त्यांच्यात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी जास्त आढळते. भारतीयांत हा दोष बराच कमी असला, तरी ज्याचा चेहरा थोड्याशा मद्याने लाल होतो त्याने ‘मला लवकर चढते’ म्हणून हसण्यावारी न नेता पेला खाली ठेवावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने लोकांना ग्रॅमचा हिशोब शिकवणारी मार्गदर्शिका काढली. दिवसाला पुरुषांनी ४० ग्रॅम आणि स्त्रियांनी २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल घेतल्यास जीवनशैलीच्या रोगांचा धोका वाढतो, असे ती सांगते. वर मांडलेली सहा नमुन्यांची बैठक ही रेषा ओलांडून जाते, हे ध्यानात घ्या. तसे ते सरकारही एकमुखी नाही. २०२२ साली तेथील करखात्याने, तरुणांनी अधिक मद्य घ्यावे म्हणून कल्पना मागवणारी स्पर्धा काढली होती! महसूल आणि आरोग्य यांची ओढाताण सगळीकडे सारखीच.

जपानी भाषेत ‘क्यूकानबी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ यकृताच्या विश्रांतीचा दिवस. आठवड्यातून ठरावीक दिवस मद्याला स्पर्श करायचा नाही, हा संकेत तेथे सर्वांना ठाऊक आहे. आपल्याकडे श्रावण पाळणारे पुष्कळ आहेत, पण श्रावणाआधी गटारी आणि नंतर उट्टे, असा तो हिशोब असतो. यकृताला महिनाभर रजा देऊन बाकीचे अकरा महिने वेठीला धरण्यात शहाणपण नाही.

माझे मत

न पिणाऱ्याने केवळ प्रतिष्ठेसाठी, पाहुण्याच्या आग्रहासाठी किंवा ‘एवढी महागाची आहे, वाया कशाला’ म्हणून सुरुवात करू नये. जिभेची विद्याच शिकायची असेल, तर चहा आहे, आंबे आहेत, मध आहे. त्यांतही बारकावे भरपूर आहेत.

ज्यांना हा छंद आहेच, त्यांनी कारखान्यातील जाणकारांकडे पाहावे. त्यांचे बहुतेक काम नाकाने चालते. नमुन्यात पाणी घालून तीव्रता वीस टक्क्यांपर्यंत खाली आणतात, वास घेतात, चाखलेच तर थुंकतात आणि दुसऱ्या दिवशी ताज्या नाकाने कामावर येतात. खरा पारखी कमी पितो, कारण प्यालेल्या माणसाच्या नाकाचा भरवसा नसतो. तेव्हा एका बैठकीत दोनच नमुने, प्रत्येकी दहा मिलिलिटर, पोटात आधी अन्न आणि शेजारी पाण्याचा तांब्या. पाणी घातल्याने तिखटपणा कमी होतो, ग्रॅम कमी होत नाहीत, हेही विसरू नये. गुण लिहायच्या वहीत शेवटचा एक रकाना आखावा आणि त्यात ग्रॅमचा आकडा लिहावा. महिन्याची बेरीज घरच्या माणसांना दाखवण्याची लाज वाटली, तर छंद संपून व्यसन सुरू झाले असे समजावे. व्हिस्कीला गुण देणाऱ्या लेखकांनी आणि मासिकांनीही हा आकडा गुणांच्या शेजारी छापायला हवा. साबणाच्या वेष्टनावर वजन छापतात, मग येथे लपवायचे कशाला?

काहींनी मात्र चाखण्याच्याही फंदात पडू नये. गरोदर स्त्रिया, कावीळ किंवा यकृताचा आजार झालेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी आढळलेले, झोपेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे आणि एकदा व्यसनातून बाहेर पडलेले, या सर्वांना एक घोटही महाग पडू शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्याने अचानक उतरते आणि तोंडाला दारूचा वास असल्याने लोक त्यांना बेशुद्धीतही दारुडे समजून बाजूला टाकतात. तरुण मुलांच्या हाती ‘जरा चव बघ’ म्हणून पेला देणाऱ्या काका-मामांनी, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची पंचवीस वर्षे आणि परवाना लागतो, हे आठवावे.

यामाझाकीच्या गोदामात ५५ वर्षे पिंप सांभाळणाऱ्या माणसांच्या चिकाटीला मी मनापासून दाद देतो. दर वर्षी थोडे उडून जाते, तरी ते घाई करीत नाहीत. तेवढाच धीर आणि तेवढीच निगराणी आपण आपल्या शरीराला दिली, तर पंचावन्नाव्या वर्षी रक्ततपासणीचा कागद डॉक्टरांपुढे ठेवताना हात थरथरणार नाही. बाटली लिलावातून दुसरी आणता येते. यकृत एकच मिळते आणि ते बदलायची वेळ आली तर दात्याची वाट पाहत बसावे लागते.